शहापुरातील पाटी नसलेले दुकान आणि माझ्या बास गिटारचा नट

पेटी, तंबोरा आणि अलीकडे गिटारही दुरुस्त करून देणारे एक छोटे दुकान बेळगावच्या शहापूर भागात आहे. दुकानाला पाटी नाही, पण पेटी दुरुस्तीचे दुकान कुठे असे विचारले की बोळाच्या तोंडाशी बसलेला कुणीही हात करून दाखवतो. माझ्या चार तारांच्या बास गिटारचा नट, म्हणजे नेकच्या (लांब दांड्याच्या) खुंट्यांकडच्या टोकाला तारा खाचांत धरून ठेवणारी छोटी पट्टी, मी गेल्या पावसाळ्यात तिथून बदलून घेतला. एक गणेशोत्सव आणि लग्नसराईचा एक हंगाम वाजवून झाल्यावरही ते काम जसेच्या तसे टिकले आहे, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

आधीची अवस्था सांगणे आवश्यक आहे. वाद्यासोबत आलेल्या प्लास्टिकच्या नटाच्या खाचा उथळ होत्या, म्हणून मी ते दुसऱ्या गावातील एका दुरुस्ती करणाऱ्याकडे दिले होते. त्याने ए तारेची (जाडीकडून बारीककडे तारा ई, ए, डी, जी अशा असतात) खाच इतकी खोल कानसली की मोकळी, म्हणजे न दाबलेली, तार छेडताच ती पहिल्या फ्रेटला (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीला) लागून खरखरू लागली. त्यावर उपाय म्हणून त्याने नटाखाली पुठ्ठ्याची पट्टी घालून सगळा नटच उचलला आणि तो जी तारेच्या बाजूला सुमारे एक मिलिमीटर सरकलेला असतानाच भरपूर गोंद लावून कायमचा चिकटवला. खरखर थांबली, परंतु ई तार पहिल्या फ्रेटवर दाबली की सूर १५ सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन फ्रेटांमधल्या स्वरांतराचा शंभरावा भाग) चढा येऊ लागला आणि जी तार बोटाने जराशी ओढली गेली तरी फ्रेटच्या कडेवरून खाली घसरू लागली. ऑर्केस्ट्रात बासच डळमळला तर वर गाणाऱ्याला पाय टेकायला जागा राहत नाही, हे मी दोन कार्यक्रमांत अनुभवले.

शहापूरच्या दुकानातल्या कारागीर मामांनी वाद्य हातात घेतल्यावर आधी कानस उचलली नाही, ही मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. त्यांनी वाद्य आडवे ठेवून दोन्ही कडेच्या तारा फ्रेटबोर्डच्या काठापासून किती आत आहेत हे आधी पहिल्या फ्रेटपाशी आणि मग विसाव्या फ्रेटपाशी मोजले. "बिघाड कुठल्या टोकाला आहे ते आधी बघूया की, नट काय पळून जात नाही," एवढेच ते म्हणाले. यामागचा विचार असा की तार नट आणि ब्रिज (वाद्याच्या अंगावरची घोडी) या दोन टोकांवर ताणलेली असते. नट बाजूला सरकलेला असेल तर तारांचे चुकलेपण पहिल्या फ्रेटपाशी सर्वांत जास्त दिसते आणि ब्रिजकडे जाताना कमी होत जाते. उलट नेकच तिरका बसलेला असेल किंवा ब्रिज सरकलेला असेल, तर नटापाशी सर्व ठीक दिसते आणि ब्रिजकडच्या वरच्या फ्रेटांवर तारा एका कडेला ओढल्यासारख्या वाटतात. माझ्या वाद्यात दोन्ही दोष होते, आणि एकट्या नटावर खापर फोडून मी तो बदलून घेतला असता तर निम्मा दोष तसाच राहिला असता.

नेकचे काम पाच मिनिटांत झाले. तारा थोड्या सैल करून, मागचे चारही स्क्रू जेमतेम पाव फेरा उलटे फिरवून त्यांनी नेक हाताने योग्य बाजूला दाबला आणि स्क्रू पुन्हा आवळले.

नटाला मात्र वेळ लागला. जुना नट ओढून काढला असता तर गोंदाबरोबर लाकडाचे पॉलिशही उचकटले असते, म्हणून त्यांनी आधी दोन्ही बाजूंनी धारदार पात्याने रेघ मारली आणि मग लाकडी ठोकळा लावून हलकेच ठोकत तो सोडवला. नवा नट हाडाचा आहे. माझ्या बासचा नट ३८ मिलिमीटर रुंद आहे आणि तारांचा संच ४५, ६५, ८५ व १०५ या जाडीचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेला. ई तार जी तारेच्या दुपटीहून जाड असल्यामुळे खाचांचे मध्य समान अंतरावर आखले तर ई आणि ए यांच्यामधली मोकळी जागा साधारण ७.६ मिलिमीटर आणि डी व जी यांच्यामधली ८.६ मिलिमीटर येते, म्हणजे जाड तारा एकमेकींना चिकटल्यासारख्या होतात. मामांनी मध्य समान न ठेवता तारांमधली फट समान ठेवली. मी उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये तपासणीचे काम करतो, त्यामुळे घरी आल्यावर व्हर्निअर लावल्याशिवाय मला राहवले नाही. तिन्ही फटी ८.१ मिलिमीटरच्या आसपास आणि दोन्ही कडांना तीन-तीन मिलिमीटर जागा मोकळी असे माप मिळाले. हाताने कानसलेल्या हाडावर हे साधणे सोपे नाही, हे रोज मोजमाप करणाऱ्याच्या अनुभवावरून सांगतो.

खाचेची खोली ठरवण्याची त्यांची रीत साधी आहे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर ती किती तरंगते ते पाहायचे. तिथे कागदाएवढी फट राहिली पाहिजे, जाड तारेला किंचित जास्त. ब्रिजवरचे सॅडल (तार टेकते ते सरकते तुकडे) मागेपुढे करून मी जो दोष महिनोन्‌महिने घालवू पाहत होतो तो का जात नव्हता, हे मला इथे कळले. दाबलेल्या तारेचा सूर फ्रेट आणि ब्रिज यांच्यामध्ये ठरतो, तिथे नटाच्या जागेचा संबंध राहत नाही; नट मागेपुढे बसला तर फक्त मोकळी तार बाकीच्या सुरांशी फटकून वागते. तेही नटापासून ब्रिजपर्यंत ३४ इंच तार असलेल्या बासवर अर्धा मिलिमीटर चुकला तर जेमतेम एका सेंटने. नट उंच राहिला तर मात्र पहिल्या फ्रेटवर दाबताना तार जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. माझे १५ सेंट तिथून येत होते.

मामा मिरजेत तंबोऱ्याच्या कारखान्यात शिकले आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा त्या कारागिरीची सर्वत्र चर्चा झाली. तोच हात बासच्या नटाला लागल्यावर काय होते ते मी पाहिले आहे. खाच कानसताना त्यांनी तिला खुंट्यांच्या बाजूला उतार दिला, म्हणजे तार नटाच्या पुढच्या काठावरूनच सुटते. तंबोऱ्याच्या घोडीवर तार पृष्ठभागाला चाटत राहावी म्हणून जवारी काढतात, आणि नेमके तेच बासच्या नटावर होऊ द्यायचे नसते, हे त्यांनी शिकाऊ मुलाला कानडीत आणि मला मराठीत समजावून सांगितले.

उणिवाही नोंदवायला हव्यात. पाच दिवसांचा वायदा बारा दिवसांवर गेला आणि गणेशोत्सवाच्या तालमी मला उसन्या वाद्यावर कराव्या लागल्या. हे त्यांनी आधी सांगायला हवे होते. नटाचा जी तारेकडचा कोपरा तीक्ष्ण राहिला होता आणि तो तर्जनीला टोचत असे. तक्रार केल्यावर त्यांनी तो तिथल्या तिथे घासून गोल करून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. पावती मिळत नाही. पिकअप आणि वायरिंगचे काम ते घेत नाहीत व तसे स्पष्ट सांगतात. हाड आणि मजुरी मिळून ९०० रुपये झाले, जे मला कामाच्या मानाने कमीच वाटले.

मोकळी ई आणि पहिल्या फ्रेटवरचा एफ आता ट्यूनरवर दोन सेंटांच्या आत राहतात, आणि जी तार कितीही जोराने ओढली तरी काठावरून घसरत नाही. पावसाळ्यात नेक थोडा वाकला होता, परंतु तो ट्रस रॉडचा (नेकच्या आतल्या, वाक कमीजास्त करणाऱ्या सळईचा) विषय असून नटाला त्यामुळे काही करावे लागले नाही. तिथे जाणाऱ्याने आपण कायम वापरतो त्याच जाडीचा नवा तारांचा संच सोबत न्यावा, कारण मामा समोरच्या तारेला बेतूनच खाच कापतात. माझ्या ई तारेच्या खाचेत १०५ची तार अगदी नेमकी बसते आणि ११०ची बसत नाही. दुकान सोमवारी बंद असते.