भाड्याची कॉट की घरचा दिवाण?

गेल्या वर्षी एप्रिलअखेरीस केळीच्या घडांनी भरलेल्या ट्रॉलीवरून आबा पडले आणि त्यांच्या मानेच्या पाचव्या मणक्याला तडा गेला. मज्जारज्जू वाचला, शस्त्रक्रियाही टळली. बारा आठवडे दोन भागांची कडक फिलाडेल्फिया कॉलर लावायची, असे सांगून डॉक्टरांनी घरी सोडले. यावल तालुक्यातल्या आमच्या घरी तेव्हा पहिला वाद झाला तो आबांना झोपवायचे कशावर, याचा. काकांचा आग्रह निंबाखालच्या बाजेचा होता, परंतु सुतळीची बाज मधोमध झोळ धरते, म्हणून तो विषय तिथेच मिटला. उरले दोन पर्याय: जळगावहून भाड्याने आणायची दवाखान्यातली कॉट, किंवा ओसरीतला सागवानी दिवाण. पहिले चार आठवडे आम्ही कॉट वापरली आणि पुढचे आठ दिवाण.

कॉटचे गुण नाकारता येणार नाहीत. तिच्या उंचीमुळे सेवा करणाऱ्याची कंबर वाचते, कठड्यामुळे रात्री धास्ती राहत नाही, आणि चाके असल्याने दुपारी पत्र्याच्या खोलीतून ओसरीत ढकलत नेता येते. मात्र तिच्यावरची रेक्झिनची गादी खानदेशच्या मे महिन्यात, तेही वीज गेलेली असताना, पाठीला तव्यासारखी लागते. दोन चादरी घातल्या तरी कॉलरच्या आतले फोम घामाने भिजत आणि हनुवटीखाली त्वचा लाल होई. हेही एक वेळ चालवून घेतले असते.

माझे मत फिरले ते घसरण्यामुळे. डॉक्टरांच्या परवानगीने जेवणासाठी हँडल फिरवून पाठ वर केली, की पंधरा-वीस मिनिटांत आबा वीतभर खाली आलेले असत. अंग खाली आणि कॉलर वर, अशी ओढाताण होऊन तिची कड जबड्यात रुते, आणि आबा घास तसाच ठेवून म्हणत, "मी खाले सरकी ऱ्हायनू." त्यांना पुन्हा वर घ्यायचे तर एकाने डोके व खांदे एका रेषेत धरायचे आणि दोघांनी खालची चादर दोन्हीकडून उचलायची, म्हणजे तीन माणसे हवीत, दुपारी घरात असायचो मी आणि आई. काखेत हात घालून ओढणे तर अशा रुग्णाच्या बाबतीत वर्ज्यच. गुडघ्यांखालचा भाग आधी उचलणारी दोन हँडलांची कॉट मिळाली असती तर हा त्रास बराच कमी झाला असता, हे मान्य करतो. आम्हाला मिळाली ती एका हँडलची.

दिवाणाला हँडल नाही, पण कुशीवर वळून, पाय खाली सोडून, कोपराच्या आधाराने उठायला आबा शिकल्यावर त्यांचे तळवे थेट फरशीवर टेकू लागले. उंच कॉटवर ते लोंबकळत राहत. जेवणे पाठ आणि हात असलेल्या लाकडी खुर्चीत होऊ लागली, त्यामुळे पाठ उचलण्याची सोय हवी होती कशाला, असे वाटू लागले. (कळण्याची भाकरी मात्र वरणात कुस्करूनच द्यावी लागे, कारण कॉलरमध्ये जबडा पुरता उघडत नाही.) दिवाण भिंतीपासून दोन हात पुढे ओढला, म्हणजे कुशीवर वळवताना दोन्ही बाजूंना माणूस उभा राहू शकतो. शेजाऱ्यांनी गादी पिंजून घेण्याचे सुचवले होते. ते आम्ही टाळले, कारण ताजा पिंजलेला कापूस फुगून खोल दबतो, जुनी दडपलेली गादीच मानेला सरळ ठेवते. वाकून वाकून माझी कंबर धरली, ती गोष्ट वेगळी.

ज्यांच्या रुग्णाच्या हातापायांत ताकद नाही किंवा ज्याला स्वतः कूस बदलता येत नाही, त्यांनी कॉटच घ्यावी आणि दोन हँडलांचीच मागावी. रुग्ण आधाराने उठू शकत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर मात्र अनामत रक्कम भरण्याआधी घरातला दिवाण एकदा भिंतीपासून ओढून पाहावा.