डेस्कटॉपवरचं पंचांग आणि गेलेले ४८,५०० रुपये

सासूबाई संकष्टीचा उपास चुकवत नाहीत. दर महिन्याला माझ्या कामाच्या टेबलापाशी येऊन विचारणार, "चंद्रोदय किती वाजता गं?" आम्ही इंदूरला, रामबागेत राहतो. मुंबईची वेळ इथे चालत नाही, इंदूरला चंद्र काही मिनिटं आधी उगवतो. त्यात इथल्या हिंदी पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. आपला आषाढ वद्य चालू असतो तेव्हा शेजारी श्रावण लागलेला असतो. म्हणून वाटलं, तिथी आणि चंद्रोदय दाखवणारं मराठी कॅलेंडर कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरच असावं.

विंडोज ७ मध्ये कोपऱ्यात नारिंगी पानाचं कॅलेंडर असायचं, आठवतं? स्क्रीनवरच्या अशा छोट्या प्रोग्रॅम्समधून, म्हणजे गॅजेट्समधून, परक्यांचा कॉम्प्युटरमध्ये शिरकाव होऊ शकतो म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्येच ती बंद करायला सांगितलं होतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. शोधल्यावर सगळ्यात वर जी जाहिरात आली तिच्यात अगदी तेच नारिंगी पान होतं, खाली 'मराठी पंचांगासह, मोफत'. डाउनलोड केलं. विंडोजने निळी चौकट दाखवून अडवलं, प्रकाशक अज्ञात असल्याचं सांगितलं. तरीही चालवायचं बटण मीच दाबलं.

दोन दिवस कॅलेंडर छान चाललं. तिसऱ्या दिवशी दुपारी पूर्ण स्क्रीन लाल झाली, भोंगा वाजायला लागला, आणि मधोमध मदतीचा फोन नंबर. माझ्याकडे चार लोकांचे जीएसटीचे हिशेब होते. घाबरून फोन लावला.

पलीकडचा माणूस इतका शांत बोलत होता की धीर आला. त्याने एक ॲप टाकायला लावलं आणि माझा माउस आपोआप फिरायला लागला. मग त्याने एक यादी उघडली, लाल गोल, पिवळे त्रिकोण, शेकड्यांनी. "मॅडम, देखिए, ये सब वायरस है." ती विंडोजची रोजची नोंदवही होती, अशा खुणा चांगल्या चालणाऱ्या मशीनमध्येही असतात. मग म्हणाला, दहा रुपये रजिस्ट्रेशन भरा. मी नेटबँकिंग उघडलं, पासवर्ड टाकला. स्क्रीन काळी झाली. "अपडेट चल रहा है, मोबाइल पर जो कोड आए वो बताइए." दोनदा कोड आला, दोनदा मी वाचून दाखवला. मेसेजमध्ये रक्कम स्पष्ट लिहिली होती. माझी नजर फक्त सहा आकड्यांवर होती.

२४,५०० आणि २४,०००.

मुलगा कॉलेजातून आला, त्याने आधी वायफायच बंद केलं. मग १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन, बँकेला फोन, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. यात चाळीस मिनिटं गेली होती. २४,००० समोरच्या खात्यात अडकवता आले, अजून हातात आलेले नाहीत. बाकीचे पुढे निघून गेले होते. बँकेने रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकावर बोट ठेवलं: गुप्त माहिती ग्राहकाने स्वतः दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. म्हणून सांगते, रडायला नंतर बसा, आधी १९३० लावा.

आणि विंडोजच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. तशी लाल स्क्रीन आली तर ऑल्ट आणि एफ४ दाबा, नाहीच गेली तर नेट काढून मशीन बंद करा. नुसती तारीख हवी असेल तर खालच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर क्लिक केलं की महिना उघडतो, काही टाकावं लागत नाही.

जेल रोडवर मशीन फॉरमॅट करून आणलं, सगळे पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदलले. परवाच्या संकष्टीला सासूबाई स्वतःच गच्चीवर जाऊन चंद्राची वाट बघत उभ्या राहिल्या. मला वेळ विचारली नाही.