फ्लायवे कमांड लाइन: दीड वर्ष वापरून झाल्यावर

आधी आमचं काम सांगतो म्हणजे कळेल. जळगावात बसून केळीच्या वखारींचं हिशोबाचं सॉफ्टवेअर सांभाळतो, रावेर, सावदा, यावल, चोपडा मिळून ९ ठिकाणी, आणि प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर त्याचा त्याचा मायएसक्यूएल डेटाबेस. टेबलात एक कॉलम वाढवायचा तरी पेनड्राइव्हवर फायनल, फायनल२, फायनल नवीन अशा स्क्रिप्टा, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या हुकमांच्या फाइली, घेऊन गाडीला किक मारायची. कुठं कोणती चालली हे फक्त माझ्या डोक्यात, आणि डोक्याचा भरवसा काय.

मग फ्लायवे टाकलं, म्हणजे डेटाबेसमधले बदल क्रमानं चालवून त्यांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, कमांड लिहून चालवायचं. झिप सोडवायची, जावा त्यातच येतं, कॉन्फिग फाइलमध्ये डेटाबेसचा पत्ता नि पासवर्ड, झालं. स्क्रिप्टच्या नावात आधी कॅपिटल व्ही, मग नंबर, मग दोन अंडरस्कोर, मग काय केलं ते. मायग्रेट ही कमांड दिली की राहिलेल्या स्क्रिप्टा नंबरानं चालवतो आणि त्याच डेटाबेसमध्ये एका टेबलात नोंद ठेवतो, कोणती, कधी, किती वेळात. चालू डेटाबेसवर मात्र आधी एकदा बेसलाइन करून घ्या, म्हणजे आत्ताची स्थिती ही सुरुवात असं त्याला सांगा, नाहीतर भरलेला डेटाबेस बघून तो पुढंच जात नाही. मी बॅट फाइल करून दिलीय, मुनीमजी सकाळी डबल क्लिक करतात आणि इन्फोचा, म्हणजे कोणती स्क्रिप्ट चालली ती यादी दाखवणाऱ्या कमांडचा, फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात, बस.

आता माझा गाढवपणा. भावात नवती, पिलबाग, वापसी अशा केळीच्या प्रकारांचे वेगळे रकाने पाहिजे होते, तीन अल्टर, म्हणजे टेबल बदलायचे हुकूम, एकाच फाइलमध्ये लिहिले आणि दुसऱ्यात स्वल्पविराम चुकला. मला वाटलं चुकलं तर सगळं मागं जाईल, पण मायएसक्यूएलमध्ये अल्टर टेबल झालं की तिथंच कमिट, म्हणजे कायमचं पक्कं, होतं, तिथं फ्लायवे तरी काय करणार. पहिला कॉलम बसला, बाकीचे नाही, नोंदीत फेल लागलं आणि पुढचं मायग्रेट चालेचना. बाहेर ट्रक भरायला उभे आणि शेठचा फोन, "काय भो, आज पट्टी निघेल का नाही?" हातानं तो कॉलम उडवला, नोंदीतलं फेल काढणारी रिपेअर कमांड मारली, फाइल नीट करून परत मायग्रेट. तेव्हापासून एका फाइलमध्ये एकच अल्टर. पोस्टग्रेसवाल्यांना हा ताप नाही, तिथं अल्टर पण ट्रान्झॅक्शनमध्ये बसतं, चुकलं तर सगळं मागं जातं.

अजून एक, चाललेल्या फाइलला नंतर हात लावायचा नाही. मी एकदा फक्त कॉमेंटमधलं शुद्धलेखन सुधरवलं तर चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा, जुळत नाही म्हणून अडून बसला. आधी राग आला, पण बरोबरच होतं त्याचं. याच्या उलट नाव चुकलं तर गप्प बसतो, स्मॉल व्ही टाकला तर फाइल सरळ सोडून देतो, एरर नाही काही नाही, अर्धा दिवस गेला माझा त्यात. नाव तपासायची सेटिंग आहे, व्हॅलिडेट मायग्रेशन नेमिंग, ती मुळात बंद असते, पहिल्या दिवशीच चालू करा.

अनडू, म्हणजे चाललेली स्क्रिप्ट मागं घ्यायची सोय, फ्लायवेच्या फुकटवाल्यात मिळत नाही. आम्हाला अडलं नाही, उलटं करायचं तर पुढच्या नंबरची नवी स्क्रिप्ट लिहितो, बॅकअप तर घेतोच.

पाचपैकी चार देतो, एक त्या स्मॉल व्हीपायी कापला. सावद्याला अजूनही जातो, पण आता बिल घ्यायला.