बोटीच्या डेकसाठी ईव्हीए फोमचा ताव : बेळगावच्या हवेत कसा टिकतो

ईव्हीए म्हणजे रबरासारखं मऊ प्लास्टिक. त्याच्या फोमचा 240 बाय 90 सेंटीमीटरचा ताव, जाडी 6 मिलिमीटर. वर तपकिरी थर, खाली काळा, मागे कागद सोलून चिकटवायचा गोंद. सागाच्या फळ्यांसारख्या रेघा तयारच येतात. फोम पाणी शोषत नाही, ओल्या पायाला पकडही बरी. हिडकल धरणासारख्या पाण्यावर फिरवायच्या छोट्या फायबर बोटीला पाचपैकी चार गुण द्यावेत असा हा माल आहे. तक्रारी ऐकू येतात त्या बहुतेक बसवणीच्या.

बेळगाव-खानापूरकडे जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये. गोंदाला डेक कोरडा आणि 16 ते 35 अंशांत लागतो. डिसेंबरात सकाळी दव असतं, म्हणून दहानंतर सुरुवात. एप्रिलच्या दुपारी मात्र तापलेल्या डेकवर गोंद टेकताक्षणी धरतो, मग ताव सरकवता येत नाही.

खरी मेहनत पुसण्यात. नव्या बोटीवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं मेण राहिलेलं असतं. पाणी शिंपडून पाहा: थेंब गोळा होऊन उभे राहिले तर मेण आहे, पातळ पसरलं तर गेलं. जेलकोटवर, म्हणजे फायबर बोटीच्या वरच्या गुळगुळीत थरावर, ॲसिटोन चालतं, रंगवलेल्या डेकवर आयसोप्रोपिल अल्कोहोलच वापरा, नाहीतर रंग सुटेल. रंगाच्या दुकानातला स्वस्त थिनर तेलकट थर ठेवून जातो. पांढऱ्या फडक्याने पुसा आणि सुकायच्या आत दुसऱ्या कोऱ्या फडक्याने टिपून घ्या.

माप जाड पारदर्शक प्लास्टिकवर काढा. ब्राऊन पेपर दमट हवेत फुगतो. झाकणं, क्लीट (दोर बांधायचे खुंटे), बिजागऱ्या आणि निचऱ्याच्या भोकांपासून 6 मिलिमीटर अंतर सोडा. बाहेरचे कोपरे एक रुपयाचं नाणं ठेवून गोल कापा, टोकदार कोपरा पायाला अडकून सुटतोच. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत राउटरवाला (राउटर या कापायच्या यंत्रावर काम करणारा) मिळाला तर तुकडे त्याच्याकडूनच कापून घ्यावेत, कटरने कड तिरकी जाते. दोन तावांच्या रेघा जुळवताना बराच माल वाया जातो, हा या तयार तावाचा मोठा दोष. मोजून लागतील त्याहून एक जास्त घ्या.

आधी तुकडे कोरडेच मांडून मास्किंग टेपने खुणा करा. अर्धाच कागद सोला, मधून कडेकडे दाबत जा, शेवटी रबरी रोलर फिरवा. बोट 24 तास पाण्यात नको. गोंद पूर्ण धरायला 72 तास लागतात.

तपकिरी रंग उन्हात अनवाणी पायाला चटका देतो, फिका राखाडी त्यापेक्षा बरा. रेघांत आपल्याकडची तांबडी माती बसते. मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी पुरतं, प्रेशर वॉशरचं नोझल कडेजवळ नेऊ नका. कोपरा सुटलाच तर झटपट गोंद ओतू नका. तो कडक होतो, फोम वाकताच तडकतो, आणि मग तुकडाच बदलावा लागतो.