लव्हचा 'डा कापो': आठ महिन्यांत एक बाजू झिजली, दुसरी कोरीच

आठ महिन्यांपूर्वी लव्ह या बँडची 'डा कापो' ही एलपी घेतली. जुनी नाही, नव्यानं छापलेली प्रत. टर्नटेबल आल्यावरच्या पहिल्या खरेदीतली ही एक, आणि सगळ्यात जास्त वाजलेली. म्हणजे तिची पहिली बाजू. ती किती वेळा वाजली ते मोजलं नाही, शंभरी नक्की गाठली असेल. दुसरी बाजू सात वेळा. ते मात्र मोजलंय, कारण दर वेळी आधी मनाची तयारी करावी लागली.

बँड लॉस एंजेलिसचा, आर्थर ली त्याचा म्होरक्या. १९६६ च्या अखेरीस इलेक्ट्रा कंपनीनं ही एलपी काढली. पहिल्या बाजूला सहा गाणी, सगळी मिळून १७ मिनिटं. दुसऱ्या बाजूला एकच, 'रेव्हलेशन', १९ मिनिटं.

पहिल्या बाजूबद्दल बोलायला लागलो तर थांबणार नाही, म्हणून एकाच गाण्याबद्दल सांगतो. 'सेव्हन अँड सेव्हन इज' सव्वादोन मिनिटांचं आहे. ड्रमचा वेग असा की टेकवर टेक (ध्वनिमुद्रणाचे प्रयत्न) झाले, ड्रमर स्नूपी आणि स्वतः ली आळीपाळीनं बसले, तेव्हा कुठे ते पदरात पडलं. शेवटी चक्क स्फोट होतो आणि धूर खाली बसावा तसे संथ ब्लूजचे, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीताचे, चार सूर येतात. बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, ते ३३ व्या क्रमांकापर्यंत गेलं, या बँडच्या नशिबात त्याहून वरचा क्रमांक नव्हता. बाकीच्या पाच गाण्यांत हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) आहे, बासरी आहे, सॅक्सोफोन आहे, आणि एकही वाद्य गरजेपेक्षा चार सेकंद जास्त थांबत नाही. पाहुण्यांनी चहा घेऊन वेळेत उठावं तसं.

मग तुम्ही तबकडी उलटता.

सुरुवातीला थोडा हार्पसिकॉर्ड वाजतो, अगदी जुन्या जर्मन संगीतकार बाखच्या थाटात. वाटतं, वा! आणि तो थांबतो, ब्लूजचा एक साधा ठेका सुरू होतो, आणि पुढची १९ मिनिटं तोच. गिटार येते, बरंच काही वाजवते, बाजूला होते. ली गातो, मग गाणं सोडून हुंकारतो, किंचाळतो, माउथ ऑर्गन वाजवतो. सॅक्सोफोनला त्याचा वाटा मिळतो. शेवटाकडे ड्रम सोलो, म्हणजे एकट्या ड्रमचं वादन, तो तर हवाच. वाईट कुणीच वाजवत नाही, हीच पंचाईत आहे. वाईट असतं तर पहिल्याच दिवशी सोडून दिलं असतं.

सात वेळा ऐकलं ते सात तऱ्हांनी. पहिल्यांदा प्रामाणिकपणे, हेडफोन लावून, दिवा मालवून. अकराव्या मिनिटाला मी उद्याच्या डब्याचा विचार करत होतो. दुसऱ्यांदा इस्त्री करताना. हा सगळ्यात यशस्वी प्रयोग, चार शर्ट आणि एक पँट झाली. एकदा मित्र आले असताना लावलं, तर एकानं विचारलं, 'अरे, हे गाणं कधी सुरू होणार?' एकदा रात्री दोन पेग झाल्यावर, म्हणजे ज्या अवस्थेसाठी हे बनवलंय म्हणतात तिच्या जवळपास जाऊन. झोप लागली. जाग आली तेव्हा सुई शेवटच्या खाचेत खरखरत होती, आणि मी काही गमावल्याची रुखरुख अजिबात नव्हती.

पाचव्या वेळी बाबा घरी होते. बाबा जन्मभर ख्याल ऐकत आलेले, म्हणजे लांबीची भीती त्यांना नाही. अमीर खाँसाहेबांची ती एलपी, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी, त्यांनी अक्षरशः घासून ऐकलीय. 'रेव्हलेशन' त्यांनी पेपर वाचता वाचता जवळजवळ पूर्ण ऐकलं आणि चष्मा काढून म्हणाले, 'अरे, वाजवतायत बरं. पण एकमेकांचं कुणी ऐकत नाहीये.'

मला आठ महिने जे शब्दांत धरता येत नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात उरकलं. एलपीच्या एका बाजूला वीसेक मिनिटं मावतात. तेवढ्याच जागेत खाँसाहेब एका सुरावर रेंगाळतात, पुढचा सूर हळूच दाखवतात, तो येईपर्यंत तुम्ही जीव मुठीत धरून बसता. बढत म्हणतात ती हीच. 'रेव्हलेशन'मध्ये प्रत्येकाची पाळी आहे, बढत नाही. तिसऱ्या मिनिटाचा तुकडा तेराव्यात नेऊन चिकटवला तरी कुणाच्या लक्षात येणार नाही.

कुणी म्हणेल, तो काळच तसा होता. मान्य नाही. इलेक्ट्राचाच, त्याच वर्षीचा बटरफील्ड ब्लूज बँडचा 'ईस्ट-वेस्ट' लावून बघा. १३ मिनिटांचं वादन, माइक ब्लूमफिल्डची गिटार, खाली आपल्या तंबोऱ्यासारखा धरून ठेवलेला आधार, आणि वर एकेक भाग चढत जातो. त्यांनी आपलं संगीत किती कळून घेतलं होतं हा वादाचा विषय असेल, पण ऐकलं कान देऊन होतं. मग १९६७ च्या जानेवारीत डोअर्सचा पहिला अल्बम, त्यातलं 'दि एंड' साडेअकरा मिनिटांच्या पुढे जातं आणि एक सेकंद सैल पडत नाही. या दोन्हींच्या निर्मात्यांत पॉल रॉथचाइल्ड हे नाव आहे, आणि 'डा कापो'च्या पाठीवरही तेच. तीच कंपनी, तोच माणूस, मोजून काही महिन्यांचं अंतर. तेव्हा दोष काळाला देऊ नका.

माझा अंदाज असा: हे वाजवणं क्लबमध्ये जमून आलं असणार. लॉस एंजेलिसच्या क्लबांच्या रस्त्यावर, सनसेट स्ट्रिपवर, लोक नाचतायत, घाम गाळतायत, तिथे ठेका जितका लांबेल तितका बरा. तमाशाच्या फडात ढोलकीवाला रंगात आला की त्याला कुणी घड्याळ दाखवत नाही. पण तीच ढोलकी उचलून रिकाम्या खोलीत वाजवायला बसवली की समोरून येणारी शिट्टीच नाही, मग तो कुणासाठी फिरत घेणार? 'रेव्हलेशन' हॉलिवूडच्या आरसीए स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं. रोलिंग स्टोन्सचं ११ मिनिटांचं 'गोइंग होम'ही तिथलंच, त्याच्या आधीचं. ही कल्पना स्टोन्सनी आमच्याकडून उचलली, असं लव्हची मंडळी म्हणायची. ज्यानं कुणी उचलली असेल त्यानं परत करायला हरकत नव्हती.

गंमत म्हणजे दोन्ही वेळी काचेपलीकडे बसलेला ध्वनितंत्रज्ञ एकच, डेव्ह हॅसिंजर. पुढच्या वर्षी तो ग्रेटफुल डेड या बँडच्या दुसऱ्या अल्बमचं काम करत होता. तिथे त्यांचा गिटारवादक बॉब विअरनं त्याच्याकडे 'जाड हवेचा आवाज' मागितला आणि हा गृहस्थ काम सोडून चालता झाला. लोक हा किस्सा विअरची टर उडवायला सांगतात. माझी सहानुभूती हॅसिंजरला आहे, आधी काय काय ऐकून बसला होता बिचारा!

आणि डेडच्या बाबतीत उलटंच झालं. त्यांचं 'डार्क स्टार' आधी पावणेतीन मिनिटांचं सिंगल (एकाच गाण्याची छोटी तबकडी) म्हणून निघालं, कुणी विचारलं नाही. १९६९ च्या 'लाइव्ह/डेड'वर तेच २३ मिनिटांचं झालं आणि तिथे त्याला श्वास मिळाला. का, तर ती माणसं एकमेकांचं ऐकतायत. त्यांचा दुसरा ड्रमर मिकी हार्ट आपल्या तबलावादक अल्लारखाँकडे शिकलेला, याचा कितपत संबंध आहे कोण जाणे. मला तो लावायला आवडतो. बाबांनाही तो भाग आवडला, फक्त 'गाणारा नसता तर बरं झालं असतं' एवढं म्हणाले.

आयर्न बटरफ्लाय या बँडच्या १७ मिनिटांच्या त्या सुप्रसिद्ध 'इन-अ-गड्डा-दा-विदा' गाण्याबद्दलही मला विचारलं जातं. त्याचं सिंगल तीन मिनिटांच्याही आत कापून काढलं होतं, आणि मला तेच पुरतं. फरक एवढाच की त्यांची पहिली बाजू कुणाला आठवत नाही, त्यामुळे जीव हळहळत नाही. लव्हच्या बाबतीत तो हळहळतो. त्या १९ मिनिटांत पहिल्या बाजूच्या तोलामोलाची आणखी सहा गाणी बसली असती. आणि या मंडळींना ते जमत होतं हे सिद्ध आहे: पुढच्याच वर्षी 'फॉरएव्हर चेंजेस' आला, ११ गाणी, सगळ्यात लांब गाणं सात मिनिटांच्या आत, सोलोची वाटणी कुठेही नाही.

तरीही एलपी घ्या का? घ्या. माझ्या प्रतीचं छापणं स्वच्छ आहे, तबकडी वाकडी नाही, पहिल्या बाजूचा आवाज खणखणीत. अर्ध्या तबकडीसाठी पूर्ण पैसे मोजतोय हे आधीच मनाशी धरा म्हणजे नंतर त्रास नाही. शिवाय 'डा कापो' या इटालियन शब्दांचा अर्थच 'पुन्हा सुरुवातीपासून'. पहिली बाजू संपली की उठा, सुई उचला आणि नावात दिलेली सूचना पाळा.

जुनी प्रत मिळत असेल तर पहिली बाजू उजेडात तिरकी धरून नीट तपासा. दुसरी तपासायची गरज नाही. मी आजवर दोन जुन्या प्रती हातात घेतल्या, दोन्हींची दुसरी बाजू आरशासारखी होती.