गुलमर्गला सीझन पास काढावा की स्किन्स लावून चढावं?

दिवाळी झाली की पुण्यातल्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये हा प्रश्न हमखास निघतो. दोन-तीन हिवाळे औली किंवा गुलमर्गला जाऊन झालेले असतात, वळणं जमायला लागलेली असतात. आता पुढे काय? गोंडोलाचा, म्हणजे गुलमर्गच्या केबल कारचा, मोठ्या मुदतीचा पास काढून दिवसभर वर-खाली करायचं, की स्कीच्या तळाला स्किन्स (चढताना मागे घसरू न देणाऱ्या केसाळ पट्ट्या) चिकटवून स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा आणि कोणाचाही माग नसलेल्या बर्फावरून उतरायचं? सह्याद्रीत वाढलेल्या माणसाचा कल लगेच दुसऱ्या बाजूला जातो. रोपवेने वर जाणं म्हणजे डोंगर केला असं आपण मानतच नाही. स्कीइंगमध्ये मात्र हा बाणा महागात पडतो, म्हणून आधी हिशेब मांडू.

उतराईचे मीटर

स्कीइंग उतरताना येतं, चढताना नाही. त्यामुळे दिवसाकाठी किती मीटर उतराई पदरात पडते, हे शिकणाऱ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं माप. गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडूरीला, सुमारे 3,080 मीटरवर नेतो. दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर, 3,950 मीटरच्या आसपास सोडतो. म्हणजे नुसत्या दुसऱ्या टप्प्याच्या चार फेऱ्या झाल्या तरी साडेतीन हजार मीटर उतराई झाली.

स्किन्स लावून चढणारा धडधाकट पुणेकर या उंचीवर तासाला 300 मीटरच्या आसपास चढतो. चार तास नेटाने चढलात तर 1,200 मीटर झाले, आणि उतराईही तेवढीच, तीही अर्ध्या-पाऊण तासात संपलेली. आतकरवाडीहून सिंहगडाची चढाई साधारण सहाशे मीटरची धरली, तर विरळ हवेत, प्रत्येक पायाला दोन-तीन किलो वजन बांधून, एका दिवसात दोनदा सिंहगड चढण्यासारखं हे आहे. असं सलग सात दिवस कोणी करत नाही. मध्ये एक-दोन दिवस विश्रांती लागते. आठवड्याअखेर लिफ्टवाल्याच्या पायाखालून चौपट बर्फ गेलेला असतो.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. पाठीवर आठ किलोची सॅक घेऊन, 30 ते 35 अंशांच्या उतारावर, जड, उखडलेल्या किंवा वाऱ्याने पापुद्रा धरलेल्या बर्फातून न पडता उतरता येत नसेल, तर लिफ्टच घ्या. मशीनने सारखा केलेला उतार आणि डोंगरावरचा बर्फ यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पापुद्र्याचा बर्फ सर्वांत वाईट. वरचा थर वजन पेलतोय असं वाटेपर्यंत स्की आत घुसते, वळण अर्ध्यात अडकतं आणि गुडघा पिळला जातो. लिफ्टच्या उतारावर असं झालं तर गस्तीचं पथक येतं. बॅककंट्रीत, म्हणजे गस्त आणि नियंत्रण नसलेल्या मोकळ्या डोंगरात, तुम्हाला खाली आणणारी माणसं म्हणजे तुमच्याबरोबर आलेले दोघं-तिघं.

पास कोणाला परवडतो

गोंडोलावर स्कीअरसाठी दिवसाचे आणि जास्त मुदतीचे पास असतात. दर बदलत राहतात, त्यामुळे आकड्यापेक्षा रीत लक्षात ठेवा. सीझन पासच्या किमतीला दिवसाच्या पासच्या किमतीने भागा. जो आकडा येईल त्यापेक्षा जास्त दिवस तुम्ही खरोखर बर्फावर असाल, तरच सीझन पास घ्या.

‘खरोखर’ या शब्दावर जोर आहे. दहा दिवसांची रजा धरली तर येण्या-जाण्यात दोन गेले. वारा सुटला की दुसरा टप्पा बंद होतो. मोठी बर्फवृष्टी झाली की उतार मोकळे होईपर्यंतही तो बंदच असतो. त्यात आणखी एक ते तीन दिवस जातात. हातात उरतात पाच ते सात. एवढ्यासाठी दिवसाचे किंवा आठवड्याचे पास पुरेसे आहेत. सीझन पास शोभतो तो तनमर्ग-गुलमर्गला महिना-दीड महिना खोली घेऊन राहणाऱ्याला. हिंजवडीची नोकरी लॅपटॉपवरून करत राहणार असाल तर एक लक्षात ठेवा: पुण्याचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, निघण्यापूर्वी पोस्टपेड करून घ्या.

पैसे आगाऊ भरायची घाई करू नका. चिल्लई कलान, म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, काश्मीरचा सर्वांत कडाक्याचा काळ. थंडी पडली म्हणजे बर्फ पडेलच असं मात्र नाही. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गचे उतार उघडे पडले होते. 2025 मध्ये बर्फाअभावी खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. एकच फेरी जमणार असेल तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा धरा आणि पास तिथे पोचून, बर्फ बघून काढा.

प्रोजेक्टवर डेन्व्हर किंवा सॉल्ट लेक सिटीला गेलेल्यांचं गणित उलटं आहे. तिथे एपिक आणि आयकॉन हे अनेक रिसॉर्टवर चालणारे पास हिवाळ्याआधीच घ्यावे लागतात आणि सीझन जवळ येईल तशी किंमत चढते. खिडकीवरचं एका दिवसाचं तिकीट मोठ्या रिसॉर्टमध्ये दोनशे डॉलरच्याही वर जातं. त्यामुळे सात-आठ दिवस जाणार असाल तरी पास बहुधा स्वस्त पडतो.

पास हातात आहे म्हणजे धोका टळला?

इथे बहुतेकांची गफलत होते. पास आणि बॅककंट्री या दोन वेगळ्या जागा आहेत असं समजलं जातं. गुलमर्गला दुसऱ्या टप्प्याच्या डब्यातून बाहेर पडलात की समोरच्या मुख्य उतारावर गस्त आणि हिमस्खलनाचं नियंत्रण असतं. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूचं बाकी सगळं बॅककंट्रीच आहे. फरक एवढाच की तिथवर केबलने नेऊन सोडलं. चढून येणाऱ्याला निदान तीन-चार तास बर्फ पायाखाली जाणवत असतो, तडे दिसतात, ‘धप्प’ असा बसका आवाज ऐकू येतो. डब्यातून आलेल्याला यातलं काहीच कळलेलं नसतं.

8 फेब्रुवारी 2010 रोजी खिलनमर्गच्या उतारावर हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे 17 जवान हिमस्खलनात गेले. बर्फात वावरणं हेच ज्यांचं प्रशिक्षण, अशी ही माणसं. फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवटवर दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी 2024 मध्ये एक रशियन.

कारण समजून घ्यायला स्वयंपाकघर पुरेसं आहे. ताटात कोरडा रवा पसरा, त्यावर घट्ट थापलेली वडी अलगद ठेवा आणि ताट तिरकं करत जा. एका कोनाला वडी अख्खीच्या अख्खी घसरते. सीझनच्या सुरुवातीचा पातळ बर्फ निरभ्र, गोठवणाऱ्या रात्रींत रव्यासारखा दाणेदार आणि सुटा होतो. नंतर पश्चिमी विक्षोभ येतो आणि दोन दिवसांत त्यावर मीटरभर जाड थर चढतो. तुमचं वजन म्हणजे ताटाला दिलेला धक्का. वडीसारख्या अख्ख्या सुटणाऱ्या बर्फाच्या थराला पाटी म्हणू; बहुतेक पाट्या 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात. त्यामुळे उतार मोजायची सवय लावा: काठी बर्फावर उताराच्या दिशेने आडवी ठेवा, तिच्यावर मोबाइलचं कोनमापक ठेवा. 30 च्या खाली राहिलात आणि डोक्यावरही तीव्र उतार नसेल, तर बराचसा धोका कमी होतो.

म्हणून निवड खरी अशी आहे: नियंत्रित उतार की अनियंत्रित. लिफ्ट की पाय, हा नंतरचा प्रश्न. मुख्य उतार सोडून बाबा ऋषी किंवा द्रंगच्या जंगलाकडे उतरणार असाल तर पास असो नसो, तयारी बॅककंट्रीचीच लागते.

ही तयारी पुण्यात करता येते

बीकन (गाडलेल्याचा सिग्नल देणारं आणि शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाजवळ हवं. ‘ग्रुपमध्ये एक सेट’ याला अर्थ नाही, कारण गाडला गेलेला माणूस स्वतःला खणून काढत नाही. सापडायला पहिली दहा-पंधरा मिनिटं. त्यानंतर जगण्याची शक्यता झपाट्याने घसरते. श्रीनगरहून मदत यायची वाट बघण्याची ही गोष्टच नव्हे.

बीकन 457 किलोहर्ट्झवर चालतात, कोणत्याही कंपनीचा दुसऱ्याला पकडतो. सराव तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर करा. सुरू केलेला बीकन प्लास्टिकच्या डब्यात घालून पालापाचोळ्याखाली लपवा. स्टीलचा डबा घेऊ नका, त्यात सिग्नल अडतो आणि बाण भलतीकडे नेतो. विजेच्या तारा आणि उभ्या गाड्यांपासूनही दूर राहा. शोध घेताना मोबाइल बीकनपासून निदान 50 सेंटिमीटर लांब हवा, एरवी चालताना 20.

सिग्नल मिळाला की बीकनच्या पडद्यावरच्या बाणाच्या मागे झपाझप चला. अंतराचा आकडा तीनवर आला की वेग मोडा, वाका आणि बीकन जमिनीलगत धरा. आता बाण विसरा. एका रेषेत पुढे-मागे, मग काटकोनात डावी-उजवीकडे नेऊन सर्वांत लहान आकडा शोधा. बीकन फिरवू नका, त्याची दिशा तीच ठेवा. नवशिका नेमका इथे घाईने तो गरगरा फिरवतो आणि आकडे नाचायला लागतात. सर्वांत लहान आकड्यापासून प्रोब उताराला काटकोनात खुपसा, मग 25-25 सेंटिमीटरवर गोल फिरत बाहेर या. माणूस लागला की प्रोब तसाच ठेवा. खणायला सुरुवात प्रोबपाशी नाही, तर गाडलेल्या खोलीच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला करा, म्हणजे बर्फ वर उपसावा न लागता खाली ढकलता येतो. टेकडीवर लपवलेला बीकन पाच मिनिटांच्या आत दहापैकी दहा वेळा सापडेपर्यंत अनियंत्रित उतारावर जाऊ नका.

किक-टर्न, म्हणजे तीव्र चढावर जागच्या जागी स्की उचलून वळणं, हे गच्चीवर जुन्या चटईवर स्की घालूनही शिकता येतं. शेजारी बघतील, बघू द्या. अफरवटच्या चढावर पहिल्यांदाच शिकण्यापेक्षा हे बरं.

खर्च, आणि न दिसणारा खर्च

लिफ्टवाल्याला बूट, स्की, काठ्या भाड्याने गुलमर्गलाच मिळतात. पुण्याहून फक्त कपडे, गॉगल, हेल्मेट न्या. चढणाऱ्याचे स्की हलके, बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारा भाग) टाच मोकळी सोडणारं, बुटाला पुढच्या बाजूने पिनसाठी खाचा. भाड्याच्या साध्या बुटाला या खाचा नसतात, त्यामुळे अर्धं सामान आपलं आणि अर्धं भाड्याचं हा मेळ बसत नाही. नवा संच दीड ते दोन लाखांपर्यंत जातो. बीकन, प्रोब, फावडं यांचे आणखी 35 ते 45 हजार धरा. देशांतर्गत विमानात साधारण 15 किलो सामान धरलेलं असतं, स्कीची बॅग त्याच्या वर जाते. झेलम एक्सप्रेसने जम्मू गाठणाऱ्याला तो भुर्दंड पडत नाही, पण दोन दिवस जातात.

विमा काढताना वगळलेल्या गोष्टींचं पान आधी वाचा. आखलेल्या उताराबाहेरचं स्कीइंग बहुतेक साध्या पॉलिसींत वगळलेलं असतं. परदेशी व्हिडिओ बघून सॅटेलाइट फोन किंवा इनरीचसारखं उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण घेऊन जाऊ नका. भारतात ते परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे आणि अफरवटपासून नियंत्रण रेषा जवळ आहे.

आमची शिफारस असेल ती ही. आत्तापर्यंत बर्फावर तीसपेक्षा कमी दिवस झाले असतील तर पैसे सामानात घालू नका. गुलमर्गची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था किंवा मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था यांचा साधारण दोन आठवड्यांचा कोर्स करा, नंतरचा हिवाळा आठवड्याच्या पासवर काढा. उतार सफाईने उतरता येऊ लागले की बीकनचा संच घ्या आणि दुसऱ्या टप्प्यावरून स्थानिक गाइडबरोबर बाहेर पडा. चढाईचं सामान त्याच्याही नंतर. गर्दीचा वीट आला, दुसरा टप्पा बंद असताना हात चोळत बसणं नकोसं झालं आणि बरोबर येणारे दोन भरवशाचे जोडीदार मिळाले, की वेळ झाली समजा. जोडीदार नसतील तर सामान असूनही उपयोग नाही.

आणि ते सामान पुण्यात सांभाळावं लागतं. स्किन्सचा गोंद बर्फासाठी बनवलेला आहे, एप्रिलच्या उन्हात पोटमाळ्यावर ठेवला तर तो पाघळून केसांच्या बाजूला येतो, आणि पुढच्या हिवाळ्यात स्किन चढावर अर्ध्यात सुटते. परत आल्यावर स्किन्स सावलीत पूर्ण वाळवा, गोंदाच्या बाजूला जाळी लावून घडी घाला आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. स्कीच्या पोलादी कडा पुसून, तळावर आणि कडांवर मेणाचा जाड थर चढवा आणि तो न खरवडता तसाच राहू द्या, नाहीतर जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत कडांना गंज धरतो. बीकनच्या बॅटऱ्या काढून ठेवा. विसरलेली अल्कलाइन बॅटरी पावसाळ्यात गळली की आतले संपर्क खाऊन टाकते, आणि हे कळतं ते थेट डिसेंबरमध्ये.