वसईच्या बाजूचं सौम्यतेवरचं विकेंड रिट्रीट, जाऊन आले, जसं वाटलं तसं लिहितेय

आधीच सांगते, जागेचं नाव टाकत नाहीये. कौतुक आहे तशा तक्रारीपण आहेत आणि चालवणारी माणसं मनाने चांगली आहेत, उगाच कुणी फोन करून त्यांना पिडायला नको. वसई रोडला पश्चिमेला उतरायचं, पुढे रिक्षा, आजूबाजूला अजून केळीच्या वाड्या शिल्लक आहेत, ज्यांना ओळखायचंय ते एवढ्यावरून ओळखतीलच. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात तिथे विकेंडचं रिट्रीट असतं, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपारचं जेवण, आणि यंदाचा विषय होता रोजच्या जगण्यातली सौम्यता. विषय वाचून खरं म्हणजे जावंसं वाटलं नव्हतं, कारण सौम्यतेवरचं प्रवचन म्हणजे निम्म्या वेळा बायकांनी तोंड बंद कसं ठेवावं याचंच प्रवचन निघतं. मैत्रिणीने दोघींचे पैसे भरून टाकले म्हणून गेले.

सोय आधी सांगते म्हणजे ज्यांना तेवढंच वाचायचंय त्यांचं काम होईल. खोल्या साध्या, दोघींत एक, गाद्या पातळ पण चादरी धुतलेल्या. डास भयंकर. वरच्या मजल्यावर बाथरूममध्ये पाण्याला प्रेशर नाही, बादली भरेपर्यंत अख्खी रोझरी (जपमाळ) म्हणून होते. जेवण मात्र एक नंबर. शुक्रवारी मांस नाही हे ठरलेलंच, पण वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी अशी होती की कुणाला मटणाची आठवण झाली असेल असं वाटत नाही, आणि शनिवारी दुपारच्या चहाबरोबर सुकेळी ठेवली होती, हल्ली घरी कोण करतं एवढा खटाटोप. पैसे फार नाहीत, जे घेतात त्यात दोन रात्री आणि हे जेवण म्हणजे स्वस्तच म्हणायचं.

शुक्रवारी रात्रीपासून रविवारच्या मिस्सापर्यंत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेपर्यंत, मौन. फोन दारातल्या टोपलीत ठेवायचे, एक काका म्हणाले माझा शेअर मार्केटचा प्रॉब्लेम होईल, तर सिस्टर हसून म्हणाल्या काका, शनिवार-रविवार मार्केट बंद असतं, ठेवा तो. झालं, काका गप्प. रिट्रीटचं पहिलं प्रवचन माझ्या मते तेच.

आता मुख्य मुद्दा, प्रवचनं. फादर बाहेरगावचे होते, पन्नाशीचे असतील, आवाज मोठा नाही पण मागच्या बाकापर्यंत पोचतो. पहिल्या सेशनला मला वाटलेलं येशूचं 'जे सौम्य ते धन्य' हे वचन घेऊन गोड गोड बोलतील आणि संपवतील. तसं झालं नाही. त्यांनी सरळ बायबलमधलं ३७वं स्तोत्र उघडायला लावलं. येशूने डोंगरावर जे म्हटलं ते या जुन्या स्तोत्रातून आलंय आणि ते स्तोत्र गोड अजिबात नाहीये, त्यात दुष्ट लोक गरिबाला पाडायला तलवार उपसतायत, धनुष्य ताणतायत, आणि ऐकणाऱ्याला सांगितलंय की त्यांच्यावर जळफळू नकोस, जमीन शेवटी दीनांच्या वाट्याला येईल. जमीन म्हटल्यावर अख्खा हॉल सावध झाला. वसईत बसून जमिनीबद्दल बोलायचं म्हणजे काय ते वसईकरांनाच कळतं, इथे बिल्डरने घेतलेली जमीन वेगळी आणि सख्ख्या भावाने बांध सरकवून घेतलेली वेगळी, दुसरीचं दुःख जास्त आणि कोर्टाच्या तारखाही जास्त. फादर म्हणाले, ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याचं नाव कागदावर लिहा, कुणाला दाखवू नका, रविवारपर्यंत खिशात ठेवा. बहुतेकांनी एका सेकंदात लिहिलं, विचार करायची गरजच नाही पडली कुणाला.

त्याच सेशनमध्ये वसईचे धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस डिब्रिटो यांचा विषय निघाला. वसईची हिरवळ वाचवायच्या 'हरित वसई' चळवळीत पुढे उभा राहिलेला माणूस, धमक्या पचवलेला, पुढे २०२०ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला तेव्हाही विरोध झालाच, आणि भाषा बघा त्यांची, कुठे चढा आवाज नाही. २०२४ला गेले. हे उदाहरण मला पटलं कारण सौम्य माणूस म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात असा एक समज आपल्याकडे घट्ट बसलाय, आणि हा माणूस तर चांगलाच अध्यात होता.

शनिवार सकाळचं सेशन सगळ्यात भारी. विषय संत फ्रान्सिस डी सेल्स. मला फक्त नाव माहीत होतं. जिनिव्हाचा बिशप, पण जिनिव्हा तेव्हा कॅल्विनवाल्या प्रोटेस्टंटांचं म्हणून राहायला आनसीला. मूळचा स्वभाव तापट होता आणि वर्षानुवर्षं त्यावर काम केलं असं सांगतात. तरुणपणी शाब्ले नावाच्या भागात प्रचाराला गेला तर ऐकायलाच कुणी येईना, मग हा हाताने पत्रकं लिहून लोकांच्या दाराखालून सरकवायचा. भांडण नाही, वाद नाही, वाचायचं तर वाचा. म्हणून पोपने १९२३ साली त्याला लेखक-पत्रकारांचा आश्रयदाता संत केलं. (आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिन लोकांचाही करून टाका म्हणावं, गरज आहे.) १६०९ साली त्याने साध्या संसारी लोकांसाठी भक्तीवर जे पुस्तक लिहिलं त्यात सौम्यतेबद्दल दोन गोष्टी आहेत ज्या फादरनी अगदी नीट उलगडल्या. एक म्हणजे राग रास्त असला तरी त्याला दार उघडताना जपा, आत आला की तो बाहेर जायचं नाव घेत नाही. दुसरी जास्त मोठी, स्वतःशीसुद्धा सौम्य रहा. रागावलो म्हणून स्वतःवर रागवायचं, मग त्या रागाचा परत राग, असं करत राहिलात तर दिवसभर तेच चालेल, त्यापेक्षा स्वतःला शांतपणे उचला आणि पुढे चला. माझ्या शेजारच्या बाई हे ऐकून डोळे पुसत होत्या. पापनिवेदनाला दरवेळी तेच तेच सांगून आपणच आपल्याला कंटाळलेले असतो, त्यांना हे लागणारच.

दुपारी सिस्टरचं सेशन होतं, प्रॅक्टिकल म्हणून. हे मला सगळ्यात उपयोगी पडलंय. त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानातला १८वा अध्याय घेतला. येशूला अटक करून हन्ना नावाच्या यहुदी धर्मगुरूसमोर उभं केलंय, एक शिपाई त्याच्या थोबाडीत मारतो. येशू काय करतो? उलटा हात उचलत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण गप्पही बसत नाही, हे आपण विसरतो. तो विचारतो, मी चुकीचं बोललो असेन तर काय चुकलं ते दाखव, बरोबर बोललो असेन तर मारतोस का? सिस्टर म्हणाल्या हा प्रश्न पाठ करा. आवाज न चढवता, टोमणा न मारता, पण समोरच्याला उत्तर द्यायला लावणारा. मी हा ऑफिसमध्ये वापरून बघितला. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझ्यावर ढकललेल्या एका गोष्टीवर एवढंच म्हटलं की माझ्याकडून काय राहिलं ते सांगा, मी लिहून घेते. पाच सेकंद शांतता, मग विषय बदलला. पूर्वीची मी असते तर मेल्स काढून दाखवले असते आणि संध्याकाळपर्यंत डोकं धरून बसले असते.

आणि लोकलवर त्या जे बोलल्या! सिस्टर स्वतः विरार लोकलने जात असणार, नाहीतर एवढं कळत नाही. बोरिवलीला उतरणारी बाई विरार फास्टमध्ये चढली की डब्यात काय होतं, चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून बसलेलीला कसं दाबलं जातं, दारातल्या ग्रुपची दादागिरी, सगळं. त्यांचं म्हणणं असं की सौम्यतेचा सराव करायला ट्रेनसारखी जागा नाही, कारण तिथे रोज कुणीतरी पाय देणारच आहे. पण त्यांनी सराव म्हणून सांगितलं काय, तर सीट सोडू नका, हक्काची आहे, फक्त समोरचीच्या आईबापापर्यंत जाऊ नका, आणि आपण दारात उभ्या असू तेव्हा आत येणारीला वाट द्या. दुसरा भाग जास्त अवघड आहे हे रोज ट्रेनने जाणाऱ्या कुणालाही विचारा. आपल्याला कुणी दाबलं की सौम्यता आठवते, आपण दाबत असतो तेव्हा नाही आठवत.

आता तक्रार, आणि ही पाण्याच्या प्रेशरसारखी सोडून देण्यासारखी नाही.

शनिवारी रात्री आराधनेच्या आधी प्रश्नोत्तरं होती. मौन असल्यामुळे प्रश्न चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचे, नाव नाही. एक चिठ्ठी अशी निघाली की नवरा हात उचलतो, मी सौम्य राहायचं म्हणजे काय करायचं. उत्तर द्यायला त्या वेळी फादर नव्हते, आयोजकांपैकी एक गृहस्थ होते, आणि त्यांनी सांगितलं की प्रार्थना करा, सहन करा, तुमच्या सहनशीलतेने त्याचं मन एक दिवस वळेल. पुढची चिठ्ठी.

दिवसभर जे शिकवलं त्याच्या बरोब्बर उलट! दुपारी सांगायचं की येशूने थोबाडीत खाल्ल्यावर जाब विचारला आणि रात्री बाईला सांगायचं की तू विचारू नकोस? सौम्यता हा रागाला लगाम घालायचा गुण आहे, मार खात राहायचा नाही. संत थॉमस अक्वायनस तर १३व्या शतकात लिहून गेलाय की जिथे राग यायला हवा तिथे तो न येणं हासुद्धा दोषच. मंदिरातले सराफांचे चौरंग ज्याने पालथे केले तोच झावळ्यांच्या रविवारी गाढवावर बसून सौम्य राजा म्हणून आला, दोन्ही मत्तयाच्या शुभवर्तमानात एकाच अध्यायात आहे, २१व्या, उघडून बघा. ज्याच्या हातात उलट मारायची ताकद आहे त्याने ती आवरली तर ती सौम्यता. त्या बाईच्या घरात ताकद कुणाच्या हातात आहे? मग प्रवचन कुणाला द्यायला पाहिजे? चिठ्ठी तिची होती पण उत्तर तिच्या नवऱ्याला द्यायला हवं होतं, आणि तिला सांगायला हवं होतं की २००५चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन कर, उद्या घरी जायला भीती वाटत असेल तर सिस्टरशी बोल.

मला तिथे पंडिता रमाबाई आठवल्या. १८८३ला इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि मग तिथल्या सिस्टर जेराल्डिन त्यांना सांगायला लागल्या की चर्च सांगतं ते मुकाट ऐक. रमाबाईंनी पत्रं लिहिली, भाषेत मान आहे, प्रेम आहे, आणि मुद्द्यावरून एक इंच हलल्या नाहीत. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून आत्ताच मोठ्या कष्टाने सुटलेय, लगेच दुसरं मानेवर घ्यायची माझी तयारी नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. हीच बाई पुढे १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली घेऊन आली आणि केडगावला त्यांना सांभाळलं. आपल्या मराठीत एवढं मोठं उदाहरण असताना स्त्रियांना सौम्यता शिकवताना ते कुणाला आठवत नाही याचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

एक सांगायलाच हवं. रविवारी सकाळी मिस्साच्या आधी सिस्टर उठल्या आणि म्हणाल्या की काल एका चिठ्ठीला दिलेलं उत्तर अपुरं होतं, ज्या कुणी लिहिली असेल तिने माझ्या खोलीत यावं, आणि कुणालाही घरी मार सहन करायला प्रभूने सांगितलेलं नाही. एवढंच, कुणाचं नाव नाही, त्या गृहस्थांकडे बघितलंसुद्धा नाही. अख्ख्या विकेंडला सौम्यतेचं प्रात्यक्षिक कुठे पाहिलं विचाराल तर हे. गृहस्थ मान खाली घालून बसले होते, मला थोडी दयाही आली, थोडीच.

खिशातल्या नावाच्या कागदाचं पुढे काय करायचं ते शेवटी नीट सांगितलंच नाही, वेळ संपला, जेवणाची घंटा झाली. काहींनी वेदीजवळच्या टोपलीत टाकले, काहींनी घरी नेले. पुढच्या वेळी यावर अर्धा तास ठेवा, कारण समेट हा अवघड भाग आहे आणि तोच घाईत उरकला. जमिनीच्या भांडणात सौम्यता म्हणजे केस मागे घ्यायची की कोर्टात भांडायचं पण लग्नाकार्याला एकमेकांकडे जायचं, याचं उत्तर लोकांना हवं होतं. चहाच्या रांगेत सगळे त्यावरच बोलत होते, मौन सुटल्या सुटल्या.

स्टार द्यायचे तर ५ पैकी साडेतीन. प्रवचनं आणि सिस्टर यांना पाचच्या पाच, चिठ्ठ्यांना उत्तरं देणाऱ्यांना ट्रेनिंग द्या नाहीतर माइक देऊ नका. ज्यांना राग लवकर येतो त्यांनी जावं, ज्यांना येतच नाही असं वाटतं त्यांनी तर नक्की जावं. नवरा-बायको दोघांनी गेलात तर उत्तम, यंदा हॉलमध्ये बायका तिप्पट होत्या आणि विषय बघता ते गणित उलटं पाहिजे होतं. ओडोमॉस, टॉर्च आणि स्वतःची उशी न्या, आणि बुकिंग करताना खालच्या मजल्यावरची खोली मागून घ्या, वर पाणी चढत नाही.